पेठच्या जंगलात ‘टाकाऊ’ काय आहे?

केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या हिशेबानुसार भारतात दरवर्षी सुमारे ७५ कोटी टन जैवभार उपलब्ध होतो आणि त्यातील सुमारे २३ कोटी टन शेतीचे अवशेष ‘अतिरिक्त’ आहेत. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले. प्रगत जैवइंधनाच्या कच्च्या मालात त्याने शेतीच्या अवशेषांच्या जोडीला जंगलातील अवशेष आणि लाकूडही नेऊन बसविले. दिल्लीच्या कागदावर हे शब्द निरुपद्रवी दिसतात. परंतु ‘अतिरिक्त’, ‘अवशेष’, ‘टाकाऊ’ हे शब्द दिल्लीहून निघून, नाशिक ओलांडून, सावळघाटाने पेठ तालुक्यात पोचतात तेव्हा त्यांचा अर्थ पालटतो. तेथे त्यांचा अर्थ एवढाच उरतो की, जे अद्याप बाजाराच्या हाती लागलेले नाही ते सारे टाकाऊ.

लाकडाच्या कचऱ्यापासून तेल काढण्याच्या कल्पनेने आपले अनेक कार्यकर्तेही भारावून जातात. खनिज तेलाची गुलामी सुटेल, हवा स्वच्छ राहील, आदिवासी भागात रोजगार येईल, असे ते मनापासून म्हणतात. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. मात्र कारखान्याची कोनशिला बसल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा ती बसण्याआधी विचार करणे अधिक शहाणपणाचे आहे. म्हणून या प्रश्नाची चर्चा आजच, आणि पेठसारख्या तालुक्याला समोर ठेवूनच व्हावयास हवी.

यंत्र काय करते?

पायरॉलिसिस हा शब्द जड असला तरी क्रिया जुनी आहे. लाकूड हवा न देता तापविले की ते पेटत नाही. त्याचे विघटन होते. त्यातून तीन गोष्टी निघतात : कोळसा, जळणारा वायू आणि वाफ थंड केल्यावर मिळणारे काळपट तेल. सावकाश तापविल्यास कोळसा अधिक मिळतो. चांगल्या भट्टीत कोरड्या लाकडाच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. उलट लाकडाचा बारीक भुसा करून तो पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास क्षणार्धात तापविला आणि वाफ लगेच थंड केली, तर तेल अधिक मिळते; उत्तम यंत्रात ६० ते ७५ टक्क्यांपर्यंत. पहिली रीत कोळसा पाडणाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक आहे. दुसरी अलीकडच्या काही दशकांतील आहे आणि तिच्यासाठी मोठे भांडवल लागते.

या दोन रीतींतील निवड केवळ तंत्रज्ञाने करावयाची निवड नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तेल काढणाऱ्या यंत्राला उष्णता हवी असते आणि ती मिळविण्यासाठी सामान्यतः तेथेच निघालेला कोळसा व वायू जाळला जातो. म्हणजे तेल बाजारात जाते, कोळसा यंत्र खाते आणि ज्या जमिनीतून लाकूड आले तिच्या वाट्याला काहीच उरत नाही. सावकाश चालणाऱ्या लहान भट्टीतून तेलाची अपेक्षा करता येत नाही; पण कोळसा गावात राहतो. तो चुलीत जाऊ शकतो, शेतात जाऊ शकतो. कोणते यंत्र बसवावयाचे हे ठरविणारा माणूस कोणाचा फायदा व्हावयाचा हेही ठरवीत असतो.

त्या तेलाविषयीही भ्रम नको. त्यात १५ ते ३० टक्के पाणी असते. ते आम्लधर्मी असल्याने साधे लोखंड खाते, साठवून ठेवले की घट्ट होत जाते आणि डिझेलमध्ये सरळ मिसळत नाही. त्याची उष्णता वजनी हिशेबाने डिझेलच्या सुमारे ४० टक्केच. ते भट्ट्यांत आणि बॉयलरमध्ये जाळता येते, परंतु मोटारीत घालावयाचे झाल्यास आणखी खर्चिक शुद्धीकरण करावे लागते. फिनलंडमधील योएन्सू येथे २०१३ साली वर्षाला ५० हजार टन तेल काढण्याच्या क्षमतेचा कारखाना सुरू झाला, तो वीज व उष्णता पुरविणाऱ्या केंद्राला जोडून. त्याच्या भोवती मोठा लाकूड-उद्योग होता आणि त्या उद्योगाचा भुसा खरोखरच उरलेला होता. याउलट अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात किऑर नावाच्या कंपनीने लाकडापासून पेट्रोल-डिझेल करण्याचे आश्वासन देऊन राज्य सरकारकडून साडेसात कोटी डॉलरचे कर्ज घेतले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आश्वासन खाजगी आणि तोटा सार्वजनिक, हा भांडवलशाहीचा नियम पेठला येताना बदलेल असे मानण्यास कोणताही आधार नाही.

मोळीचा हिशेब

आता हा हिशेब टनांतून काढून मोळीत मांडू. बाईच्या डोक्यावरची मोळी २५ किलोंची धरली आणि ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे पाणी धरले, तर चार मोळ्यांतून ५० किलो कोरडे लाकूड मिळते. त्यातून उत्तम यंत्राने ३५ किलो तेल काढले, तरी त्याची उष्णता सुमारे १४ किलो, म्हणजे १६-१७ लिटर डिझेलएवढी. दिवसाला १०० टन कोरडे लाकूड खाणारा कारखाना उभा केला, तर त्याला रोज अशा आठ हजार मोळ्या लागतील. आठ हजार मोळ्या रोज, वर्षाचे बारा महिने! कारखान्याची धगधगती भट्टी पावसाळ्यात थांबत नाही आणि तिच्या भांडवलावरचे व्याज तर रात्रीही थांबत नाही. ‘टाकाऊ’ संपल्यावर तो कारखाना कशावर चालेल, याचे उत्तर द्यावयास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

दुसरा हिशेब नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्राचा. तेथे २१० मेगावॉटचे तीन संच, म्हणजे एकूण क्षमता ६३० मेगावॉट. हे संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले आणि एका युनिटला ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर रोज सुमारे साडेदहा हजार टन कोळसा लागतो. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर ५ टक्के जैवभाराच्या गोळ्या जाळण्याचे ठरविले. त्या गोळ्या मुख्यतः शेतीच्या अवशेषांच्या असाव्यात, अशी अपेक्षा आहे. सौम्य पायरॉलिसिस केलेल्या गोळ्यांनाही त्यात स्थान आहे. एकलहऱ्यापुरते ५ टक्के म्हणजे रोज पाचशे टनांहून अधिक. एवढ्या भुकेच्या पंक्तीला एकदा वाढावयास बसले की शेतातली काडी कोणती आणि जंगलातली कोणती, हे कोण पाहणार? ठेकेदाराचा काटा वजन मोजतो, मूळ पत्ता विचारीत नाही.

काडीला मालक आहे

पेठच्या डोंगरांत फिरणाऱ्या शहरी पाहुण्याला खाली पडलेल्या फांद्या, पालापाचोळा, झुडपे आणि खुंट दिसतात. तो म्हणतो, किती हा माल वाया जातो! परंतु करंजाळी, जोगमोडी, कोहोर या परिसरातील कोकणा, वारली किंवा महादेव कोळी शेतकऱ्याला विचारा. त्याची नागली, वरई आणि भात रोपांवर उभे राहते आणि रोपांसाठी आधी राब भाजावा लागतो. झाडाची टहाळ, गवत, पालापाचोळा, शेण यांचे थर जमिनीवर रचून पावसाच्या आधी ते भाजले जातात. ज्याला पाहुणा कचरा म्हणतो, ते त्या शेतकऱ्याचे खत आहे. खालचे सरपण ही त्याची चूल आहे. काटेरी फांदी हे त्याच्या वावराचे कुंपण आहे. वाकडा दांडा हे त्याच्या घराचे छप्पर आहे. आणि जे कोणीच उचलीत नाही ते जमिनीवर कुजून जमीनच होते. सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आणि तरीही उन्हाळ्यात बायकांना पाण्यासाठी वणवण करावयास लावणाऱ्या या उतारांवर पाचोळ्याचे ते पांघरूण काढून घेणे म्हणजे माती नद्यांच्या स्वाधीन करणे आहे.

उज्ज्वला योजनेने २०१६ पासून गॅसची जोडणी घरोघर नेली, हे खरे. परंतु रिकामी टाकी पुन्हा भरण्यासाठी रोख पैसा लागतो आणि कोरडवाहू नागली करणाऱ्याच्या हाती तो वर्षातून फार थोडे दिवस असतो. त्यामुळे चूल लाकडावरच येते. अशा घरातील सरपण उचलून त्याचे तेल करावयाचे आणि ते शहरातील बॉयलरला ‘हरित इंधन’ म्हणून विकावयाचे, हे पुरोगामी धोरण नव्हे. ही गरिबाच्या चुलीवरची जप्ती आहे.

खराखुरा लाकडी कचरा नाशिक जिल्ह्यात नाही काय? आहे, आणि भरपूर आहे. लाकूडकापणीच्या गिरण्यांचा भुसा व साली आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील मोडक्या लाकडी खोक्यांचा ढीग आहे. शहरातील झाडांच्या छाटणीच्या फांद्या आहेत. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा. तेथे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी अशी वर्षातून दोनदा वेलींची काडी निघते. ती कापावयास पेठ-सुरगाण्याचाच मजूर जातो. बऱ्याच ठिकाणी ती काडी बांधावर जाळली जाते. मग योजनाकारांची नजर बागेवरून घसरून जंगलावरच का स्थिरावते? कारण बागेच्या काडीला मालक आहे आणि तो भाव मागेल. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या काडीला किंमत. ज्याचा दावा अजून कचेरीत पडून आहे त्याची काडी कचरा! टाकाऊपणा हा लाकडाचा गुण नाही. तो सत्तेने लाकडावर मारलेला शिक्का आहे.

जुना डाव, नवे नाव

हा डाव पेठला नवा नाही. पेठचे संस्थान १८७८ मध्ये खालसा झाले आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारचा वन कायदा आला. गावाने ज्या जंगलाचा वापर पिढ्यानपिढ्या केला, त्यावर राखीवपणाची रेघ ओढली गेली आणि गावकरी आपल्याच रानात चोर ठरला. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले यांनी जंगलखात्याने शेतकऱ्याची गायराने कशी गिळली यावर कोरडे ओढले. ठाणे-कुलाब्यात राबाच्या टहाळीवरून असंतोष एवढा वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राबासाठी फांदी तोडणे ही नासाडी आणि आगगाडीच्या रुळांखाली साग घालणे हा सदुपयोग, ही त्या राज्यकर्त्यांची नीती होती. आज रुळांच्या जागी ‘जैवइंधन’ लिहिले की ती नीती पवित्र होते काय?

स्वातंत्र्यानंतरचा अनुभवही पाहावा. कर्नाटकातील दांडेलीच्या कागद गिरणीला १९५८ च्या सुमारास बांबू टनाला दीड रुपया दराने दिला गेला, हे माधव गाडगीळ यांनी नोंदविले आहे. बुरुडाला मात्र बाजारभावाने बांबू घ्यावा लागे. माल जेवढा स्वस्त तेवढी उधळपट्टी मोठी. बांबूची बेटे उजाड झाली. मोगली एरंडाची कहाणी तर सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. २००९ च्या जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळण्याचे स्वप्न दाखविले. पडीक जमिनीत, पाण्यावाचून, तेलाचे मळे पिकतील असे सांगितले गेले. २०१७ उलटले, मळे पिकले नाहीत. ‘पडीक’ म्हटलेल्या जमिनीवर कोणाची गुरे चरत होती, हे तेव्हाही कोणी विचारले नव्हते.

आणि रोजगाराचे म्हणाल तर लाकडाचा कोळसा पाडण्याच्या धंद्याचा इतिहास आपल्यासमोर आहे. रायगड-ठाण्यातील कातकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या या भट्ट्या पेटविल्या. दिवाळीच्या सुमारास उचल घ्यावयाची, बायकामुलांसह परमुलखातील भट्टीवर जावयाचे, धुरात आणि राखेत महिने काढावयाचे आणि पावसाच्या तोंडावर परतताना उचल फिटली नाही असे ऐकून यावयाचे. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने संपली. भट्टीवरची उचल मात्र कायदा वाचावयास गेली नाही. कारखाना आला म्हणजे रोजगार आला, असे म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे : मोळीचा दर कोण ठरविणार? काटा कोणाच्या हातात? हिशेबाची वही कोण वाचणार?

‘पालापाचोळा काढला तर वणवे थांबतील’ हाही एक युक्तिवाद केला जातो. वणवा ही खरी आपत्ती आहे. परंतु तो थांबवावयाचा तर जाळरेषा आखणारी आणि रात्री धावून जाणारी माणसे गावातच लागतात आणि ती जंगल आपले आहे असे वाटले तरच धावतात. ‘लाकडाचे इंधन कार्बनच्या हिशेबात निर्दोष असते, कारण झाड पुन्हा वाढते,’ असेही म्हणतात. होय, पुन्हा वाढू दिले तर! ज्या गतीने वाढते त्या गतीने तोडले तर! रोज आठ हजार मोळ्यांची भूक असलेल्या भट्टीला एवढा धीर कोणी शिकवावयाचा?

यंत्राशी वैर नाही

तथापि, आपल्यातील काही मित्र यावरून यंत्रच नको असा निष्कर्ष काढतील. तो चुकीचा ठरेल. आदिवासीने कायम मोळीच वाहावी आणि धुरातच डोळे चोळावे, ही काही समाजवाद्यांची संस्कृतिनिष्ठा असू शकत नाही. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा व त्याच्या कांड्या करण्याची लहान भट्टी विकसित केली आणि २००२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय अॅश्डेन पुरस्कार मिळाला. पाचट शेतात पेटवून दिले जात होते. ते खरोखर वाया जात होते. भट्टी शेताजवळ नेता येत होती आणि तयार होणारे इंधन चुलीच्या उपयोगाचे होते. पायरॉलिसिस तेच, परंतु दिशा वेगळी. यंत्र मालाकडे जाते की माल यंत्राकडे ओढून नेला जातो, यावर बरेच काही अवलंबून असते.

कोळशाचा बारीक चुरा जमिनीत मिसळला तर तो दीर्घकाळ टिकतो, आम्लता कमी करण्यास आणि ओल धरून ठेवण्यास मदत करतो, आणि झाडाने हवेतून घेतलेला कार्बन मातीत अडकवून ठेवतो. नेमक्या याच गुणामुळे त्याचा एक नवा बाजार उभा राहिला आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने वराह या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत अशा जैवकोळशाचे एक लाख टनांचे कार्बन श्रेय घेण्याचा करार जाहीर केला. म्हणजे ज्या राबाला सरकारी वनाधिकाऱ्यांनी शंभर वर्षे नासाडी म्हटले, त्याच्याच दूरच्या नातलगाला आता जागतिक बाजारात भाव आला आहे! उद्या पेठच्या शेतात पुरलेल्या कोळशाचे श्रेय विकले गेले, तर त्याचा धनी कोण? जमीन कसणारा, लाकूड वेचणारी बाई, की दोघांची नावे संगणकात भरणारा मध्यस्थ? हा प्रश्न आज विचारला नाही तर उद्या उत्तर तयार मिळेल, आणि ते आपले नसेल.

मागणी कोणती?

सुदैवाने कायदा या वेळी पूर्णपणे विरोधात नाही. पेठ तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची व्याख्या करताना बांबूबरोबर झुडपांचे लाकूड आणि खुंट यांचाही स्पष्ट उल्लेख केला. म्हणजे ज्याला धोरणाची भाषा ‘वनावशेष’ म्हणते, त्यातील मोठा भाग कायद्याच्या भाषेत ग्रामसभेची मालमत्ता आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनी वनोपजावर प्रक्रिया करणे, त्याचे मूल्य वाढविणे आणि योग्य वाहनाने त्याची वाहतूक करणे हेही हक्कात धरले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने सामूहिक हक्क मिळवून २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही आपल्या हाती घेतला, तेव्हा हे शब्द कागदावरून उतरून चालू लागले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायांना फोड येईतो चाललेल्या शेतकऱ्यांची एक मुख्य मागणी याच वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीची होती. तो मोर्चा केवळ जमिनीच्या तुकड्यासाठी नव्हता, हे आता या नव्या संदर्भात समजून घ्यावे लागेल.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट असावी. पहिली गोष्ट, सामूहिक वनहक्काचे दावे निकाली निघेपर्यंत जंगलातील काडीही जैवइंधनासाठी कोणा कंपनीस देऊ नये. दुसरी, राब, सरपण, कुंपण आणि जमिनीचा वाटा काढून उरते ते किती, हे ग्रामसभेने स्वतः मोजावे. बाहेरच्या संस्थेचा उपग्रह ते मोजू शकत नाही. तिसरी, जैवइंधनाचे कारखाने काढावयाचेच असतील तर आधी गिरण्यांचा भुसा, औद्योगिक वसाहतींतील लाकूड आणि द्राक्षबागांची काडी वापरावी. चौथी, पेठच्या गावांत भट्टी यावयाची असेल तर ती लहान असावी, ग्रामसभेच्या किंवा वनोपज गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची असावी, आणि तिचा कोळसा प्रथम गावच्या चुलीला व शेताला मिळावा. पाचवी, कार्बन श्रेयाचा कोणताही करार ग्रामसभेत मराठीत वाचून दाखविल्याशिवाय व तिच्या ठरावाशिवाय वैध मानू नये. सहावी, भट्टीवर उचल देऊन मजूर बांधण्यास पूर्ण बंदी असावी, आणि मजुरीचा व वजनाचा हिशेब जाहीर लागावा.

या मागण्या कोणाला फार मोठ्या वाटतील. त्या मोठ्या नाहीत. कायद्याने दिलेलेच त्या मागतात. साथींनो, पावसाळा संपला की पेठच्या पाड्यांवर बैठका घेता येतात. त्या बैठकांत पायरॉलिसिस हा शब्द नाही उच्चारला तरी चालेल. एवढेच विचारा की, तुमच्या रानात कोणालाच नको असलेली अशी कोणती काडी आहे? त्यातून जी यादी तयार होईल ती फार छोटी असेल. ती यादीच आपला जाहीरनामा समजावा आणि ती घेऊनच तहसील कचेरीवर जावे.